रुग्णालयांचे प्रमाणित आराखडे

रुग्णकक्ष, शस्त्रक्रियागृह, बाह्यरुग्ण विभाग इ. भागांची मापे, मांडणी व परस्परसंबंध आधी निश्चित करून तेच नमुने अनेक रुग्णालयांसाठी वापरण्याच्या पद्धतीस प्रमाणित आराखडा पद्धती म्हणतात. संपूर्ण इमारतीची पुनरावृत्ती करणे, विभागांचे ठराविक नमुने निरनिराळ्या प्रकारे जोडणे आणि केवळ खोल्यांची मापे व सोयी ठरवून देणे, अशा तिच्या तीन पातळ्या आहेत. अभिकल्पासाठी लागणारा वेळ व खर्च वाचविणे हा तिचा मुख्य हेतू असतो. मात्र नमुन्यात साठविलेल्या अनुभवाबरोबर त्यातील दोषही सर्वत्र पोहोचतात. त्यामुळे काय निश्चित करावयाचे व काय मोकळे ठेवावयाचे, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न आहे.

प्रारंभ : क्रिमियाच्या युद्धाच्या काळात (१८५३–५६) ब्रिटिश अभियंता इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल याने तुर्कस्तानातील रेंकिओई येथील लष्करी रुग्णालयासाठी केलेली योजना हे या पद्धतीचे उल्लेखनीय आद्य उदाहरण होय. सु. ५० खाटांचे, स्वतःचे वायुवीजन व शौचालये असलेले लाकडी एकक त्याने मूलभूत मानले. ही एकके इंग्लंडमध्ये तयार करून १८५५ मध्ये जहाजाने पाठविण्यात आली व लांब मार्गिकेच्या दोन्ही बाजूंस उभारण्यात आली. जमिनीचा उतार कसाही असला, तरी एकके जोडता यावीत, अशी त्यांची रचना होती. तेथे दाखल झालेल्या सु. १,३०० रुग्णांपैकी ५० मृत्यू पावले. ही संख्या त्या काळाच्या मानाने अल्प होती. तथापि तोवर युद्धाचा सर्वांत भीषण काळ ओसरला होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

ब्रिटनमधील प्रयोग : १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा शासनाच्या ताब्यात आलेल्या रुग्णालयांपैकी पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातील होती. आरोग्यमंत्री ईनॉक पॉवेल यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या योजनेत ९० नवी रुग्णालये बांधण्याचे व १३४ रुग्णालयांची मोठ्या प्रमाणावर पुनर्रचना करण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्येक ठिकाणी नव्याने अभिकल्प करणे परवडणारे नसल्याने प्रमाणीकरणास चालना मिळाली. १९६७ मध्ये पुढे आलेल्या ‘बेस्ट बाय’ नमुन्यात चौकांभोवती रचलेली सु. ५५० खाटांची आटोपशीर इमारत कल्पिली होती. बेरी सेंट एडमंड्स व फ्रिम्ली येथील रुग्णालये या नमुन्यानुसार प्रथम उभी राहिली. त्यानंतरच्या ‘हार्नेस’ योजनेत विभागांचे नमुने एका मध्यवर्ती मार्गिकेला जोडले जात. परंतु १९७३ च्या तेलसंकटानंतर ही योजना खर्चिक ठरली व केवळ डडली आणि स्टॅफर्ड येथेच अंमलात आली.

त्यातून १९७५ पासून ‘न्यूक्लिअस’ पद्धती विकसित झाली. तिचे मूलभूत एकक सु. १,००० चौ. मी. क्षेत्रफळाचे व क्रूसाच्या आकाराचे असते. क्रूसाच्या भुजांमधील मोकळ्या जागांमुळे आतील खोल्यांना नैसर्गिक उजेड व हवा मिळते. प्रथम सु. ३०० खाटांचे केंद्र उभारून पैसा व गरज यांनुसार ते ६०० किंवा ९०० खाटांपर्यंत वाढविता येई. विभागांची अंतर्गत मांडणी ठरलेली असली, तरी एककांची जुळणी, बाह्य स्वरूप व बांधकामाचे साहित्य यांबाबत वास्तुशिल्पज्ञास वाव होता. आइल ऑफ वाइटवरील सेंट मेरीज रुग्णालयात ही एकके वक्राकार मार्गिकेभोवती रचून ऊर्जेचा वापर कमी ठेवण्याचा प्रयत्न करण्यात आला.

दोषांची पुनरावृत्ती : ‘बेस्ट बाय’ रुग्णालयांत छतासाठी व काही ठिकाणी भिंतींसाठीही सच्छिद्र प्रबलित काँक्रीटच्या हलक्या फळ्या वापरल्या होत्या. त्या स्वस्त व झटपट बसविता येणाऱ्या होत्या; परंतु नेहमीच्या काँक्रीटपेक्षा दुर्बल असून ओल शिरल्यास आतील सळया गंजतात व फळी पूर्वसूचनेशिवाय कोसळू शकते. किंग्ज लिन येथील रुग्णालयात छताला हजारो टेकू द्यावे लागले आणि त्यांच्या आधाराखाली रुग्णसेवा चालू ठेवावी लागली. मुख्यतः अशा फळ्यांनी बांधलेल्या सात रुग्णालयांची पुनर्बांधणी करण्याचे ब्रिटिश शासनाने २०२३ पर्यंत जाहीर केले. त्यांपैकी पाच ‘बेस्ट बाय’ नमुन्याची होती. दोष मांडणीचा नव्हे, तर साहित्याचा होता. परंतु मांडणीबरोबर साहित्याचीही पुनरावृत्ती झाल्याने संकट एकाच वेळी अनेक गावांत उद्‌भवले.

भारतातील स्थिती : भारतात भोर समितीच्या अहवालापासून (१९४६) आरोग्यकेंद्रांची श्रेणीबद्ध रचना विचारात घेण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत केंद्रांच्या जागा, सोयी व मनुष्यबळ यांचे निकष दिलेले आहेत. असे निकष देशभर समान असू शकतात; इमारतीचे मात्र तसे नाही. कोकणातील मुसळधार पावसाला उतरते छप्पर व रुंद पडव्या, विदर्भातील उन्हाळ्याला उष्णतारोधक छत, तर मराठवाड्यातील काळ्या मातीच्या प्रसरण-आकुंचनाला वेगळा पाया आवश्यक असतो.

विभागांमधील अंतरे, निर्जंतुक व दूषित वस्तूंचे वेगळे मार्ग, खाटेभोवतीची जागा यांसारख्या अनुभवसिद्ध बाबी निश्चित करणे हितावह ठरते. पाया, छत, दिशा व साहित्य यांचा निर्णय स्थळपरत्वे घ्यावा लागतो. पहिल्या इमारतीच्या प्रत्यक्ष वापराची तपासणी करून नंतरच्या आराखड्यांत दुरुस्ती केली, तरच प्रमाणीकरणाचा लाभ टिकून राहतो.