बालसंगोपनाचा रोजगार आणि वेळेची मालकी : डोळखांब परिसराच्या संदर्भात

शेतमजुरी व गिरणीमजुरी यांच्या इतिहासात वेतनाचा प्रश्न अग्रभागी असतो. दुसऱ्याचे मूल सांभाळून उदरनिर्वाह करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र वेतनाइतकाच वेळेचा प्रश्न निर्णायक ठरतो. ती किती वाजता यावयाची, किती वाजता सुटावयाची, आणि मालकिणीस उशीर झाल्यास तो कोणाच्या खाती पडावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे कोण देतो यावरून त्या श्रमसंबंधाचे स्वरूप ओळखता येते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने शहापूर तालुक्यातील डोळखांब परिसर व त्यास वेढणारा जुना ठाणे जिल्हा यांचा विचार करावयाचा आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्याच्या शेजारी असलेल्या या भागात ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांची वस्ती आहे. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यातील जे प्रदेश अंशतः वर्जित म्हणून ठरविण्यात आले, त्यांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. मुरबाडचा त्या यादीत समावेश नव्हता. या प्रदेशांची पाहणी करून डी. सिमिंग्टन यांनी जो अहवाल सादर केला, तो १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेठ, सावकारी आणि लग्नाच्या कर्जापायी पत्करावी लागणारी बांधिलकी यांचे वर्णन त्यात आढळते.

या बांधिलकीस जिल्ह्यात ‘लग्नगडी’ असे नाव होते. लग्नासाठी कर्ज काढणारा पुरुष ते फिटेपर्यंत धनकोकडे राबत असे, आणि ज्या विवाहासाठी कर्ज झाले त्या विवाहाने घरात आलेली स्त्रीही त्याच्याबरोबर राबत असे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कर्जास रक्कम असते, व्याजास दर असतो. परंतु त्याच्या फेडीसाठी द्यावयाच्या श्रमास घटका नसते. धन्याने हाक मारली की कामाची वेळ झाली, अशी ही व्यवस्था होती. अंगणापासून पाळण्यापर्यंत जे जे काम निघेल ते त्याच हाकेत सामावले जाई. आजच्या भाषेत हिला ‘लवचिक वेळ’ म्हणता येईल. मात्र वाकावयाचे ते एकाच बाजूने.

या व्यवस्थेस पहिला मोठा हादरा १९४५ साली बसला. जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर मे महिन्यात उंबरगाव भागातील झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि रोख बारा आणे रोज मिळाल्यावाचून काम करावयाचे नाही, असे ठरले. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी संघटित केलेल्या या लढ्यात पुढे ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. तथापि चळवळ मोडली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने या मागणीचे महत्त्व असे की, वजनावर मजुरी ठरली म्हणजे काम कोठे संपते हेही ठरते. गवताचा भारा तोलता येतो, आणि तो तोलल्यावर उरलेला दिवस कापणाऱ्याचा होतो. मूल सांभाळण्याचे काम असे तोलता येत नाही. मूल झोपले असतानाही सांभाळणारी मोकळी नसते. म्हणून जो उपाय कुरणात चालला, तो घराच्या उंबरठ्याशी थांबला.

कायदाही त्याच उंबरठ्याशी थांबला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारास दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तसेच पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन घातले. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणण्यात आली. घरकाम करणारी स्त्री या दोन्ही तरतुदींच्या बाहेर राहिली.

याच जिल्ह्यात वेळेचा उलट विचारही झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाड येथे नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण मोठी बहीण धाकट्यास सांभाळते आणि भाऊ गुरे राखतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून बालवाडी अंगणात नेली, गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी केली. येथेही वेळापत्रक वाकले. परंतु वाकली ती संस्था, मूल नव्हे. लवचिकपणाच्या दोन अर्थांमधील भेद याहून स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण.

घरकामाच्या क्षेत्रात हा प्रश्न उघडपणे मांडला गेला तो १९८० साली पुण्यात. आजारपणामुळे गैरहजर राहिलेल्या एका मोलकरणीस कामावरून काढल्याचे निमित्त होऊन स्त्रियांनी काम बंद ठेवले. पगारवाढीबरोबर रजेचा प्रश्न पुढे आला, आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ संमत झाला. त्याने नोंदणी व कल्याणकारी लाभ दिले, कामाचे तास मात्र ठरविले नाहीत. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांविषयी जो १८९ वा करार संमत केला, त्यात आठवड्यास सलग २४ तासांची विश्रांती सांगितली आहे. शिवाय हाकेसरशी हजर राहण्यासाठी तिष्ठत घालविलेला वेळ राष्ट्रीय कायदे ठरवतील त्या प्रमाणात कामाचा वेळ मानावा, असेही म्हटले आहे. तोलता न येणाऱ्या कामास माप देण्याचा हा प्रयत्न होय.

डोळखांब भागातील एखादी स्त्री कल्याण-डोंबिवलीकडे मूल सांभाळावयास जाऊ लागली, तर तिचा दिवस एस. टी., आसनगावची लोकल आणि मालकिणीचे कार्यालय अशा तीन वेळापत्रकांत अडकतो. तिचे स्वतःचे मूल चौथ्या वेळापत्रकात असते व ते कोणी विचारात घेत नाही. मालकिणीस संध्याकाळी अर्धा तास उशीर झाला आणि त्यामुळे गावची शेवटची गाडी चुकली, तर बाईची सबंध रात्र जाते. मालकीणही बहुधा नोकरदार असते आणि तिच्या वेळेवर तिचीही सत्ता नसते, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु त्या अडचणीचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

वरील इतिहासावरून सौद्याची काही तत्त्वे निष्पन्न होतात. सुटण्याची वेळ आधी ठरलेली असावी. ती बदलावयाची तर पूर्वसूचना असावी. तिष्ठण्याचा वेळ कामात धरला जावा व वाढीव वेळेचा मोबदला मिळावा. आणि मालकिणीस जी सवड मिळते, तीच बाईस तिच्या मुलाच्या आजारपणात किंवा भातलावणीच्या दिवसांत मिळावी. ज्या लवचिकपणास ही मर्यादा नाही तो नव्या नावाखालील वेठच होय. वेठ कायद्याने संपते. परंतु हाक मारताच हजर होण्याची अपेक्षा सवयीत टिकून राहते, आणि तिचा माग काढणे हे श्रमेतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.