शनिवार तेली की ज्यू? ‘तुम्ही कोण’ हे नक्की कोण ठरवतं?

आजच्या भागात एक प्रश्न घेतोय, जो इंटरनेटवर अधूनमधून पेटत असतो. माणसाला आपला वंश किंवा आपली संस्कृती स्वतः निवडता येते का? ‘मी अमुक आहे’ असं मी म्हटलं, अगदी मनापासून म्हटलं, की मी तो झालो का? यावर उदाहरणं बहुतेक वेळा अमेरिकेतली दिली जातात. तिकडे जाऊच आपण. पण या प्रश्नाची एक जबरदस्त गोष्ट आपल्या हार्बर लाइनवरच आहे.

लाइनचं एक टोक पनवेल. जुन्या पनवेलमध्ये बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनाघर. १८४९ सालचं. आता दुसऱ्या टोकाकडे या. सीएसएमटीच्या एक स्टेशन आधी मस्जिद. या स्टेशनचं नाव जवळच्या ‘जुन्या मशिदी’वरून पडलं असं मानतात, आणि गंमत म्हणजे ती मशीदसुद्धा सिनेगॉगच आहे! शाआर हाराहामीम, १७९६ साली सुरू झालेलं. बांधणाऱ्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. ऐकून वाटतं ना, कुणीतरी मराठी सरदार असणार? ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. आणि सामाजी हसाजी म्हणजे सॅम्युएल इझीकिएल. एकाच माणसाची दोन नावं, आणि दोन्ही खरी.

हे बेने इस्रायल. शब्दशः ‘इस्रायलची लेकरं’. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. वाचले चौदाजण, सात पुरुष आणि सात बायका. बाकीच्यांना नवगावातच पुरलं. ग्रंथ, कागद, सगळं समुद्रात गेलं. या घटनेचा लेखी पुरावा नाही, ही त्यांची आठवण आहे. पण पुढचं आयुष्य मात्र सगळ्यांना दिसत होतं. ही माणसं कोकणातल्या गावागावांत पसरली आणि घाण्यावर तेल काढू लागली. मराठी बोलू लागली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर झाले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवलं ‘शनिवार तेली’.

यांच्याकडे धर्मग्रंथ नव्हता. हिब्रू भाषा जवळपास विसरली होती. राहिलं होतं काय? शनिवारची सुट्टी, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि ‘शेमा’ नावाच्या प्रार्थनेचे शब्द. एवढंच. शेजाऱ्यांना विचाराल तर ही एक कोकणी जात. त्यांना स्वतःला विचाराल तर इस्रायलची लेकरं. मग नक्की कोण?

इथे गोष्टीत येतो डेव्हिड राहाबी. हा कधी आला यावर वाद आहे. कुणी म्हणतं अठराव्या शतकातला कोचीनचा ज्यू, कुणी त्याला कित्येक शतकं मागे नेतं. तर या राहाबीला संशय आला की हे आपलेच लोक असावेत. त्याने काय केलं? ‘तुम्ही ज्यू आहात का’ असं विचारत बसला नाही. बायकांसमोर वेगवेगळे मासे ठेवले आणि म्हणाला, रांधा. ज्यू धर्मात खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. म्हणजे आपल्या बाजाराच्या भाषेत कोलंबी नाही, चिंबोरी नाही. त्या बायकांनी खवल्यांचे मासे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. राहाबीला उत्तर मिळालं. मग त्याने तिघांना धर्माचं शिक्षण देऊन ‘काजी’ केलं, अशी ही कथा.

कथेतला प्रत्येक तपशील खरा असेलच असं नाही, पण तिच्यातली कसोटी बघा. पणजोबांचं नाव नाही विचारलं, कातडीचा रंग नाही बघितला. रोजच्या स्वयंपाकात तुम्ही काय करता, एवढंच पाहिलं. आणि कसोटी घेणाऱ्याला दार उघडायचं होतं, हेही महत्त्वाचं.

पुढे एकोणिसाव्या शतकात बरंच बदललं. कोचीनच्या ज्यूंनी हिब्रू शिकवलं, मिशनऱ्यांनी मराठीत बायबल दिलं. हनुक्कासारखा सण, जो बेने इस्रायलांना ठाऊकच नव्हता, तो आला. म्हणजे एका अर्थाने ते ज्यूपण नव्याने शिकले. त्याच वेळी मराठी कीर्तनाच्या चालीवर मोशे आणि योसेफ यांची आख्यानं रंगू लागली. गोड पोहे, नारळ, फळं यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषिताला नवस फेडणं चालूच राहिलं. ही प्रथा जगातल्या दुसऱ्या ज्यूंकडे अशी दिसत नाही. आता सांगा, हे ज्यू किती आणि मराठी किती? टक्केवारी काढता येत नाही हो.

पण टक्केवारी काढणारे आलेच. मुंबईत बगदादकडून आलेले ज्यू व्यापारी स्थिरावले, ससून घराणं त्यांतलंच. सुरुवातीला दोघांचं बरं चाललं होतं. दफनभूमीसुद्धा एकच. मग १८३६ साली काही बगदादी मंडळींनी सरकारकडे मागणी केली की दफनभूमीत मधे भिंत घाला. मेल्यावरही शेजार नको! त्यांचं म्हणणं असं की या काळ्यासावळ्या, मराठी बोलणाऱ्या लोकांचं रक्त शुद्ध कशावरून? ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. बगदादी सिनेगॉगमध्ये त्या दहांत बेने इस्रायल मोजायचे की नाही, यावर वाद झाले. १९३० च्या दशकात तर रंगूनच्या सिनेगॉगमध्ये मतदानाच्या हक्कासाठी प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने बेने इस्रायलांच्या बाजूने निकाल दिला.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला बेने इस्रायलांची बाजू पटली असेल. थांबा जरा. त्यांच्या आतही दोन गट होते, ‘गोरे’ आणि ‘काळे’. हा कातडीचा रंग नव्हे. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरच्या बाईशी संबंध आला, अशी समजूत होती, ते काळे. गोरे त्यांच्यात सोयरीक करत नसत, पंक्तीला एकत्र बसत नसत. ओळखीचं वाटतंय ना? कोकणातल्या गावात राहून ही माणसं मराठी शिकली, मलिदा शिकली आणि जातही शिकली. बगदादी लोक जे प्रश्न त्यांना विचारत होते, तेच प्रश्न ती आपल्यातल्याच काहींना विचारत होती. विसाव्या शतकात हा भेद हळूहळू मिटत गेला.

आता मोठा प्रसंग. १९४८ साली इस्रायल देश झाला. बेने इस्रायल तेव्हा भारतात वीस हजारांच्या आसपास होते, आणि पुढच्या काही दशकांत बहुतेकजण तिकडे गेले. इथे छळ होता म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत ज्या देशाचं नाव घेतलं तो देश बोलावतोय म्हणून. आणि तिकडे काय झालं? काम, घरं, वागणूक, सगळ्यात दुजाभाव होतोय अशी तक्रार करत १९५१-५२ मध्ये काहींनी तिथे चक्क धरणं धरलं. मागणी होती, आम्हाला परत भारतात पाठवा. शंभराहून जास्त लोकांना विमानाने परत आणलं गेलं. पुढे त्यांतले बरेच पुन्हा इस्रायलला गेले, तो भाग वेगळा.

खरा घाव १९६२ चा. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न धर्मगुरूच लावू शकतात, सरकारी नोंदणी लग्नाची सोय नाही. त्या वर्षी मुख्य धर्मगुरू यित्झाक निस्सीम यांच्याकडून सूचना निघाली. बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करणार असेल, तर आधी चौकशी करा. आई ज्यू होती का? आईची आई? शक्य असेल तितकं मागे जा. कुणी परधर्मीय मिसळलं होतं का, कुणाच्या घटस्फोटात वा पुनर्विवाहात धर्मनियम मोडला होता का, ते तपासा.

विचार करा, रोह्याच्या घाण्यावर आयुष्य काढलेल्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? आणि ही चौकशी फक्त याच एका समाजाचं नाव घेऊन. ज्या लोकांनी ग्रंथ हरवल्यावरही शनिवार पाळला, त्यांना कागद मागितला जात होता.

दोन वर्षं आंदोलन चाललं. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ ला तिथल्या संसदेची, क्नेसेटची, खास बैठक झाली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी जाहीर केलं की सरकारच्या दृष्टीने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. महिनाअखेर धर्मगुरूंनी सूचनेतून समाजाचं नाव काढलं आणि ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल असे कुणीही’ असा मजकूर घातला.

आता अमेरिकेत जाऊ. २०१५ साली स्पोकेन शहरात रेचल डोलेझल नावाची बाई कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या स्थानिक शाखेची अध्यक्ष होती. ती स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवायची. मग तिच्या आईवडिलांनीच सांगितलं की आम्ही दोघंही गोरे, युरोपीय वंशाचे आहोत. तिला पद सोडावं लागलं. तिचं म्हणणं, मी आतून तशीच आहे. अनेक कृष्णवर्णीयांचं म्हणणं, आम्हाला ही ओळख काढून ठेवता येत नाही. तू मात्र हवी तेव्हा घातलीस.

बेने इस्रायल आणि डोलेझल, दोघांनीही ‘मी अमुक आहे’ म्हटलं. फरक कुठे? रक्तात, असं म्हणायचा मोह होतो. पण २०१६ मध्ये बेने इस्रायलांच्या डीएनएचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय, तर त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचाही मोठा वाटा आहे आणि भारतीयांचाही. म्हणजे रक्त विचारलं तर ते म्हणतं, दोन्ही. मग १९६२ च्या चौकशीला याने काय उत्तर मिळालं? काहीच नाही.

मला फरक दिसतो तो असा. बेने इस्रायलांनी ती ओळख आधी जगली, तिची किंमत मोजली, आणि नाव लपवलं नाही. डोलेझलने नाव आधी घेतलं आणि मूळ झाकून ठेवलं. ती उघडपणे म्हणाली असती की मी गोरी आहे, पण माझं आयुष्य तुमच्यात आहे, तर कदाचित ते लोक तिला आपलं म्हणालेही असते. पण ते ठरवायचा हक्क त्यांचा होता. तिने तो परस्पर घेऊन टाकला.

‘मग कसोट्या नकोतच’ असंही म्हणता येत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी ॲडमिशनच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्रासाठी चकरा मारल्या असतील. खोटा दाखला देऊन कुणी आदिवासी जागेवर बसला, तर खऱ्या आदिवासी मुलाची जागा जाते. म्हणून तपासणी हवीच, आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खोट्या दाखल्यावर मिळालेली नोकरी टिकणार नाही. पण तपासणी कशी? आदिवासी दाव्यांमध्ये आपल्याकडे ‘ॲफिनिटी टेस्ट’ असते. तुमचे देव कोणते, लग्नविधी कसा, मयताचे रिवाज काय? म्हणजे राहाबीचे मासेच की हे. पण शहरात वाढलेल्या ठाकूर किंवा महादेव कोळी मुलीला आजीचे विधी ठाऊक नसले, तर ती आदिवासी राहत नाही का? ठाकूर जमातीच्या प्रकरणात २०२३ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही चाचणी दाव्याचा निकाल लावणारी एकमेव कसोटी होऊ शकत नाही. शिक्षणाने, स्थलांतराने माणसांच्या रीती बदलतात.

तर आपला मूळ प्रश्न. माणसाला वेगळा वंश, वेगळी संस्कृती स्वीकारता येते का? संस्कृती येते. सामाजी हसाजींच्या समाजाने मराठीपण स्वीकारलं, अगदी हाडीमाशी भिनवलं. पण नुसतं म्हणून नाही, पिढ्यान्‌पिढ्या राहून, आणि शेजाऱ्यांनी जागा दिली म्हणून. वंश ही गोष्ट अवघड, कारण ती बहुतेक वेळा दुसऱ्यांनी तुमच्यावर लिहिलेली असते, आणि दुसऱ्याने सोसलेलं आपल्या नावावर करून घेता येत नाही. म्हणून कुणी कुणाची ओळख तपासायला निघालं की दोन गोष्टी बघा. याने कुणाचा हक्क राखला जातोय, की कुणाला नुसतं बाहेर ठेवायचंय? आणि तपासणाऱ्याला स्वतःच्या पणजीचा दाखला दाखवता येईल का?

बेने इस्रायल आज भारतात जेमतेम काही हजार आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इथे त्यांना लोक ‘इस्रायल’ म्हणायचे, तिथे ‘होदी’ म्हणतात. होदी म्हणजे हिब्रूत भारतीय.

तुमच्या ओळखीत कुणी पेणकर, रोहेकर किंवा नवगावकर शनिवार पाळणारे असतील, तर त्यांच्या घरातली गोष्ट जरूर विचारा. पणजीचा दाखला मागू नका, तिने काय रांधलं ते विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.