मागणी आणि पोच

आपल्या इतिहासात पत्रांना मोठा मान आहे. ती वाहून नेणाऱ्या जासुदांना तेवढा नाही. खलिता दप्तरात राहिला, पण नदीला पूर आला असता तो पैलतीरी कसा पोचला, हे बहुधा कोणी लिहून ठेवले नाही. संगणकाच्या जगातही हाच न्याय दिसतो. संकेतस्थळांची नावे लहान मुलांच्या तोंडी असतात. पण दूरच्या यंत्राकडे मागणी धाडून फाईल घेऊन येणाऱ्या ज्या छोट्या, हलक्या ‘लायब्ररी’ प्रोग्रामर वापरतात, त्यांची वास्तपुस्त कोणी करीत नाही.

या इतिहासाच्या आरंभी एक भारतीय नाव आहे. कानपूरच्या आय. आय. टी. त शिकलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये, अमेरिकेतील एम. आय. टी. त असताना, एका यंत्रावरील फाईल दुसऱ्यावर नेण्याचे नियम लिहिले. तेच एफटीपी. पुढे १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांच्या वेबवरील मागणी एका ओळीत मावत असे. उत्तर आले की जोडणी संपे. मात्र जोडणी मध्येच तुटली, तर हाती आले ते पुरे की अपुरे, हे कळण्यास मार्ग नव्हता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसारख्या महानगरांत सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या नेरसारख्या तालुक्याच्या गावाला अशी उणीव महानगरापेक्षा अधिक जाचते, हे उघड आहे.

जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीचे नवे नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ‘पहिल्या चार लाख बाइट पोचल्या, पुढच्या द्या,’ असे मागता येऊ लागले. समजा, नेरमध्ये कोणी मतदारयादी उतरवून घेत आहे आणि ती अर्ध्यावर तुटली. नंतर उरलेला भाग आणला. पण दरम्यान यादी सुधारली गेली असेल, तर जुने डोके आणि नवे धड जोडल्यासारखे होईल. अशी यादी कोणत्याच कचेरीने काढलेली नसते, आणि तीत नाव न सापडलेला माणूस मात्र खरा असतो! म्हणून त्याच नियमांत तजवीज आहे: फाईलची ओळखखूण जुळली तरच पुढला तुकडा द्यावा, एरवी सारी फाईल पहिल्यापासून.

हे नियम राबविणारी माणसे साधीच होती. क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांनी १९९६ मध्ये, संथ आणि बेभरवशाच्या जोडण्या ध्यानी घेऊन, पुढे ‘डब्ल्यूगेट’ म्हणून ओळखला गेलेला प्रोग्राम लिहिला. त्याच वर्षी ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा ‘एचटीटीपीगेट’ आला. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना चलनांचे भाव आपोआप आणायचे होते. त्यांनी तो हाती घेऊन वाढविला. २० मार्च १९९८ रोजी तो ‘कर्ल’ झाला, आणि २००० साली त्याची लायब्ररी इतर प्रोग्रामांनाही वापरता येऊ लागली.

अशा लायब्ररीचा हलकेपणा केवळ आकाराचा नव्हे. विहिरीचे पाणी घागरीघागरीने आणावे, तशी ती फाईल तुकड्यातुकड्याने घेऊन डिस्कवर ठेवू शकते. सारी विहीर डोक्यावर घेत नाही. म्हणून स्वस्त यंत्रावरही मोठी फाईल उतरते.

जासुदाने वेगाने धावावे हे खरेच. परंतु खलित्याचे अर्धे पान वाटेत गळाले असेल, तर तेही त्याने दरबारात स्पष्ट सांगावे. मागणाऱ्याचा हक्क त्या सांगण्यावरच टिकून असतो.