तळटीप : ‘दरबारी’ लक्लेर

झाँ-मारी लक्लेर (१६९७–१७६४). मूळ लेखकाने त्याला ‘राजदरबाराचा संगीतकार’ म्हटले आहे. ते खोटे नाही, पण त्याने दिशाभूल होते. लिओंमधल्या लेस विणणाऱ्या कारागिराचा हा मुलगा आधी नर्तक होता. तुरिनमध्ये तो नृत्ये बसवी. व्हायोलिनवादक म्हणून त्याचे नाव झाले ते १७२८ साली, पॅरिसच्या ‘काँसेर स्पिरित्युएल’ या तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफलींत. पंधराव्या लुईने त्याला १७३३ मध्ये नेमले खरे. पण वाद्यवृंदाचे पुढारपण कोणाकडे, यावरून व्हायोलिनवादक गिन्याँशी झालेल्या भांडणापायी चारेक वर्षांतच त्याने ती जागा सोडली. पुढे नेदरलँड्समध्ये हँडेलची शिष्या राजकन्या ॲन, नंतर ड्यूक ग्रामाँ, असे आश्रयदाते बदलत गेले.

पाचवा सोनाटासंग्रह त्याने राजालाच अर्पण केला, हा आक्षेप रास्त आहे. पण अर्पणपत्रिकेने मान मिळतो, संगीत त्याआधीच घडलेले असते. त्याचा पहिला संग्रह १७२३ चा, म्हणजे नेमणुकीच्या दहा वर्षे आधीचा. शिवाय त्याच्या रचना छपाईच्या पत्र्यांवर कोरणारी लुईझ रुसेल १७३० मध्ये त्याची पत्नी झाली. छापील संगीताचा हा घरचा उद्योग कोणत्याही पदापेक्षा टिकाऊ ठरला. दरबाराला त्याने काय दिले हे शोधायचे, तर ‘सिला ए ग्लोक्यूस’ हा त्याचा एकमेव ऑपेराही १७४६ चा, राजसेवा सोडल्यानंतरचा निघतो.