काम गेलेल्या कामगाराला सरकार काय विचारते? खान्देशच्या कापूसपट्ट्याचा इतिहास (थ्रेड)

१) जामनेर परिसरातला कापूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जातो आणि कापड बाहेरून येते. या दोहोंमधले काम, म्हणजे कातणे आणि विणणे, खान्देशातून दोनदा गेले. पहिल्यांदा ते सातासमुद्रापार गेले, दुसऱ्यांदा देशातच दुसरीकडे. ज्यांचे काम गेले, त्यांचे सरकार काही देणे लागते का? आजचा थ्रेड या प्रश्नाचा.

२) पहिली वेळ एकोणिसाव्या शतकातली. १८६० च्या दशकात खान्देशात रेल्वे आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इथल्या कापसाला विलक्षण भाव मिळाला. पण ज्या रेल्वेने कापूस मुंबई बंदराकडे नेला, तिनेच लँकशायरचे स्वस्त सूत आणि कापड गावोगावी आणले. घरोघरची सूतकताई आधी बुडाली. साळी, कोष्टी, मोमीन विणकर गिरणीचे सूत वापरून कसेबसे तग धरून राहिले.

३) या लोकांसाठी सरकारी योजना नव्हती. दुष्काळ पडला तरच मदत, आणि तीही खडी फोडण्याच्या किंवा तलाव खोदण्याच्या कामावर. मागावर बसणाऱ्या हातांना ते काम झेपत नसे. शिवाय हात एकदा खरबरीत झाले की बारीक सूत हाताळणे अवघड. म्हणूनच १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत सोलापुरात विणकरांना त्यांच्याच मागावर काम देण्याचा प्रयोग झाला. कामगाराचे कसब टिकवणे हीसुद्धा मदतच, ही जाणीव त्यामागे होती.

४) दरम्यान गिरण्या इकडेही उभ्या राहिल्या होत्या. जळगावची खान्देश मिल १८७० च्या दशकातली. पुढे अमळनेरची प्रताप मिल आली, धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या निघाल्या. शेतमजुराच्या मुलाला महिन्याचा ठरलेला पगार मिळू लागला. पुढे त्याला भविष्यनिर्वाह निधीचे संरक्षणही आले.

५) दुसरी वेळ आपल्या आईवडिलांच्या काळातली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. विणकाम मात्र भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, धुळे येथील यंत्रमागांकडे सरकत गेले. तिथे मजुरी कमी होती आणि कामगार कायदे जवळजवळ कागदावरच होते. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरणी बंद करण्याची वाट मोकळी केली.

६) त्याच धोरणातून कामगारांसाठी एक योजना निघाली. १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राचा ‘वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी’ लागू झाला. गिरणी बंद पडल्यावर पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. म्हणजे ज्याचा पगार १,००० रुपये, त्याला दरमहा आधी ७५०, मग ५००, मग २५० रुपये. तीन वर्षांत माणूस दुसरीकडे लागेल, असा हिशेब.

७) आता अटी पाहा. गिरणी खासगी हवी. ती ६ जून १९८५ रोजी किंवा त्यानंतर बंद झालेली हवी. बंद करण्यास कायदेशीर परवानगी हवी किंवा न्यायालयाने अवसायक नेमलेला हवा. कामगाराची किमान पाच वर्षांची सेवा हवी. संपानंतर ज्यांना गिरणीने परत घेतलेच नाही, जे बदली म्हणून राबले, ज्यांच्या गिरणीचा भोंगा थांबला पण कागदावर गिरणी ‘चालू’ राहिली, त्यांनी काय करायचे? काम तर सगळ्यांचेच गेले होते.

८) सरकारी गिरण्यांची वाट वेगळी. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर धुळे व चाळीसगावच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होत्या. १९९२ मध्ये केंद्राने ‘राष्ट्रीय नूतनीकरण निधी’ उभारला. कामगारांना नवे शिक्षण देणे आणि दुसऱ्या कामात सामावून घेणे हा उद्देश जाहीर झाला. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. एकरकमी धनादेश हाती आला. नवे कसब आले नाही.

९) अमेरिकेतही असेच घडले. १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात, आयातीमुळे रोजगार गमावलेल्यांना भत्ता आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद होती. पण शुल्कसवलतीमुळेच आयात वाढली आणि आयातीमुळेच काम गेले, हे सिद्ध करण्याची अट इतकी कडक होती की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ मध्ये अट सैल झाली, २००२ मध्ये परदेशी हलवलेले उत्पादनही काही प्रमाणात धरले गेले. १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांची तपासणी आणि मंजुरी थांबली.

१०) दोन देशांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. अमेरिकेने विचारले, ‘काम कशामुळे गेले?’ आपण विचारले, ‘गिरणी रीतसर बंद झाली का?’ दोन्हीकडे पुरावा देण्याचा भार प्रामुख्याने ज्याचे काम गेले त्याच्यावरच पडला. मदतीची रक्कम किती, याआधी हा प्रश्न कसा लिहिला आहे ते पाहावे. योजना कोणासाठी आहे ते तिथेच ठरते.

११) २००५ पासून कर्मचारी राज्य विमा योजनेत ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना’ आहे. कारखाना बंद पडल्यास वा कपात झाल्यास बेरोजगारी भत्ता मिळतो; जुना पुनर्वसन निधीही २०१७ मध्ये तिच्यातच विलीन झाला. पण त्यासाठी विमा हवा. यंत्रमागावर नोंदीविना बारा तास उभा राहणारा किंवा हंगामापुरता जिनिंगमध्ये कापूस ओढणारा मजूर तिच्या बाहेरच राहतो.

१२) शेवटी एक विनंती. तुमचे आजोबा, काका, मामा मिलमध्ये असतील तर त्यांचे हजेरीकार्ड, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची पावती रद्दीत जाऊ देऊ नका. छायाचित्र काढून ठेवा, त्यावर गिरणीचे नाव आणि वर्ष लिहा. एके काळी याच कागदांवर तीन वर्षांची भाकरी ठरत होती. खान्देशच्या कामगारांचा इतिहास लिहायचा झाला, तर तो याच कागदांवरून लिहावा लागेल.