मुंडकाराचे घर आणि म्हातारपणचा आसरा

वृद्धांच्या निवाऱ्याचा विषय निघाला की अलीकडे वृद्धाश्रमाचे नाव प्रथम घेतले जाते. पेडणे आणि डिचोली या दोन महालांपुरते बोलावयाचे तर सरकारने म्हाताऱ्या माणसांना दिलेला सर्वांत मोठा निवारा भिंतींचा नव्हता. तो कायद्याचा होता. १९७५ च्या मुंडकार कायद्याकडे या दृष्टीने क्वचितच कोणी पाहिले आहे.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. जुन्या काबिजादींत निराधारांची सोय पाहणाऱ्या मिझेरिकोर्दियासारख्या धर्मसंस्था त्याआधीच रुजल्या होत्या. पुढे १९४७ मध्ये प्रोव्हेदोरिया स्थापन झाली आणि पणजी, म्हापसा, मडगाव येथील वृद्धगृहे तिच्याकडे राहिली. म्हापशाच्या जुन्या इस्पितळाला लोक ‘आझिलो’ म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ आश्रयस्थान. आपल्या नव्या काबिजादींत मात्र म्हाताऱ्याने घर सोडून अशा जागी जावे, ही कल्पनाच परकी होती. त्याने आपल्या खळ्यात, तुळशीवृंदावनासमोर बसावे, हीच रीत. प्रश्न एवढाच की ते खळे कोणाचे?

अनेकांचे ते भाटकाराचे होते. मुंडकाराने भाटात खोपटे बांधावे, माडांची आणि काजूची राखण करावी, भाटकाराच्या घरी कार्य निघाले की राबावे; मोबदला म्हणून राहावयाची जागा. हात चालत होते तोवर हा व्यवहार निभावला. अंगातले बळ सरले आणि मुलगा पोटासाठी मुंबईला गेला, की म्हाताऱ्याच्या राहण्याला आधार उरे तो केवळ भाटकाराच्या मर्जीचा. आपल्यांपैकी कित्येक घराणी भाटकारांची आहेत. त्यांतील बहुतेकांनी कोणाला घराबाहेर काढले नाही, हे मान्य. परंतु दुसऱ्याच्या चांगुलपणावर झोपणाऱ्याला गाढ झोप लागत नाही, हेही मान्य करावयास हवे.

पोर्तुगीज अमदानीत १९०१ च्या हुकूमनाम्याने मुंडकारांच्या प्रश्नाला हात घातला होता. खरा बदल घडला तो मुक्तीनंतर. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. मुंडकारांना घरातून काढण्यास बंदी करणारा सर्वंकष कायदा १९७५ चा. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी होत्या पेडण्यात जन्मलेल्या आणि डिचोलीने विधानसभेत पाठविलेल्या शशिकला काकोडकर. कायदा अमलात आला १२ मार्च १९७६ रोजी. त्यांचे वडील भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्मही पेडण्यातला, १२ मार्च १९११ चा.

या कायद्यातील मुंडकाराची व्याख्या सावकाश वाचण्याजोगी आहे. भाटकाराच्या संमतीने कायम वस्ती करून राहणारा तो मुंडकार, मग त्याच्यावर सेवेचे बंधन असो वा नसो. या ‘असो वा नसो’मध्ये म्हातारपणाचे संरक्षण आहे. राखण थांबली म्हणून घर जात नाही. हक्क वारसांकडे जात असल्याने नवऱ्यामागे राहिलेली विधवाही त्याच छपराखाली राहते. शिवाय घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याची मुभा आहे: ग्रामपंचायत हद्दीत ३०० चौरस मीटर, इतरत्र २०० चौरस मीटर, असा हिशेब कायद्यात दिलेला आहे. मात्र पगारी घरगडी किंवा पगारी राखणदार या व्याख्येत येत नाही, आणि निम्मे वाद याच फटीतून शिरतात. राखण करणाऱ्याला मिळत होते ते वेतन, की सणावाराला दिलेले चार नारळ? हे सिद्ध कसे करावयाचे?

नंतरच्या मदतीचे स्वरूप निराळे आहे. भाऊसाहेबांच्याच नावाने सुरू झालेली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना दरमहा रोख रक्कम देते. आरंभी ती ५०० रुपये होती, पुढे २,००० झाली. औषधपाण्यातून काही उरले तर मिरगाआधीची शाकारणी त्यातून होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी गृह उभारण्याची तरतूद केली आहे. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी ती आवश्यकच. पण मोरजीच्या किंवा मयेच्या म्हातारीला जिल्ह्याच्या गावी खाट मिळणे आणि स्वतःच्या ओसरीवर बसता येणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. २०२५ मध्ये राज्य शासनाने जुनी घरे नियमित करण्यासाठी ‘म्हजें घर’ योजना आणली, ती या ओसरीच्या बाजूची आहे.

परंतु ज्यांनी मामलेदाराकडे नोंदच केली नाही, अशी घरे वाड्यावाड्यांवर आहेत. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून जमिनीचे भाव चढले. जुना भाटकार जाऊन नवा खरेदीदार आला की त्याला तोंडी संमतीची आठवण असण्याचे कारण नाही. मग मामलेदारापुढे १२ मार्च १९७६ पूर्वीच्या वस्तीचा पुरावा हवा: घरपट्टीची पावती, शाळेचा दाखला, मतदारयादी, आणि यांतले काही नसेल तर शेजाऱ्याची साक्ष. त्या दिवशी विशीत असलेला शेजारी आता सत्तरीत आहे. भाटकार घराण्यांच्या पेट्यांमध्ये नारळ पाडपाचे हिशेब आणि मुंडकारांच्या नावांच्या वह्या अजून पडून आहेत. कित्येक म्हाताऱ्यांच्या घराचा एकमेव लेखी पुरावा त्या वह्यांत आहे, आणि त्यांना वाळवी लागते आहे.