हृदयविकारातून यकृताकडे

रक्ताच्या अहवालात एसजीओटी, एसजीपीटी ही विकरे वाढलेली दिसली की घरात पहिला संशय यकृतावर जातो, आणि यकृत म्हटले की दारूवर. या तपासणीचा इतिहास मात्र हृदयविकारापासून सुरू होतो. 1954 साली न्यूयॉर्कमध्ये लड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन या तिघा संशोधकांनी दाखवले, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातले एसजीओटी चढते आणि काही दिवसांत उतरते. पुढच्याच वर्षी इटलीत नेपल्सच्या द रितिस आणि सहकाऱ्यांना हीच वाढ विषाणूजन्य काविळीत आढळली. ही विकरे पेशींच्या आत काम करतात. पेशी दुखावली की ती रक्तात उतरतात. एसजीओटी तर हृदयात, हातापायांच्या स्नायूंत, तांबड्या पेशींतही असते. त्यामुळे आकड्यावरून इजा झाल्याचे कळते, ती कोणी केली हे कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, एसजीपीटी मुख्यतः यकृतातलेच, शिवाय दोन आकड्यांचे गुणोत्तरही बोलके असते. खरे आहे. गुणोत्तराची ही पद्धत द रितिस यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूची शंका रास्त ठरते. पण यकृत आकसून कठीण झाले, तर दारूला कधी न शिवलेल्या माणसातही एसजीओटी वरचढ होते. शंका म्हणजे निदान नव्हे, हे दिल्लीने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले. 1955च्या अखेरीस यमुनेच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. यकृत सुजले होते, पाणी दूषित होते, दोन्ही उघड होते. म्हणून ती ‘हिपॅटायटिस ए’ची साथ मानली गेली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तद्रव 1980 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील खोर्शेद पावरी आणि परदेशी सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा तो विषाणू ‘ए’ नव्हता आणि ‘बी’ही नव्हता, हे कळले. आज त्याला आपण ‘ई’ म्हणतो. त्याच वर्षी अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या 20 रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत चरबी आणि सूज होती, अगदी मद्यपींच्या यकृतासारखी. असे रुग्ण ‘पीत नाही’ म्हणत, तरी त्यांच्यावर विश्वास बसत नसे. स्थूलता आणि मधुमेहाशी जोडलेला हा आजार आज वाढलेल्या एसजीपीटीचे एक नेहमीचे कारण आहे. क्षयरोगावरची औषधे आणि पॅरासिटामॉलचा अतिरेक यांनीही तोच आकडा चढतो.